सातवीपर्यंत पुरेल अशी मोटारसायकल

आमच्या घरात आजवर कुणालाही त्याच्या मापाची वस्तू मिळालेली नाही. याचं सगळं श्रेय माझं आहे.

मी शाळेत गणित शिकवते आणि घरात खरेदी करते. मूल वाढतं, कपडा वाढत नाही, हे माझ्या आईचं ब्रीदवाक्य. तिने पाचवीत शिवलेला माझा गणवेश आठवीत पहिल्यांदा अंगाला बसला आणि त्याच वर्षी विरला. हा वारसा मी निष्ठेने पुढे चालवला. माझी मुलगी समू (पाळण्यातलं नाव सम्यका) पावसाळ्यात शाळेतून घरी येते, तेव्हा आधी रेनकोट दिसतो, समू नंतर दिसते. बुटांच्या टोकाला कापूस असतो. लग्नानंतर नवऱ्यालाही मी पहिला शर्ट एक नंबर मोठाच घेतला होता. "मी आता कुठे वाढणार?" मिलिंदनी विचारलं. "बघालच," मी म्हटलं. आज तो शर्ट त्यांना पोटावर बसत नाही.

अशा बाईवर मोटारसायकल निवडायची वेळ आली.

समू चौथीत आहे. वर्गातल्या कुणाच्या तरी वाढदिवसाला ती शहराबाहेरच्या गो-कार्टच्या ट्रॅकवर गेली. तिथे काही मुलं गुडघ्याएवढ्या मोटारसायकली घेऊन, वळणावर आडवी होत, भुंग्यासारखा आवाज काढत फिरत होती. समूने केक खाल्ला नाही. तिथले प्रशिक्षक देवरे सर मूळचे सटाण्याचे. शिकवताना शुद्ध बोलतात आणि संतापले की अहिराणीत शिरतात. त्यांनी तिला ट्रॅकच्या छोट्या गाडीवर बसवून पाहिलं, मग आठवडाभर बसवलं, आणि मला बोलावून घेतलं.

"ताई, पोरीला गाडीची समज आहे. वार्षिक परीक्षेआधी नवशिक्या मुलांची शर्यत ठेवलीय, तिला उतरवू. पण शर्यतीला ट्रॅकची गाडी देत नाही, स्वतःची लागेल. निवडताना एकच बघा. बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. ज्याला स्वतःचं स्वतः थांबता येतं, त्यालाच मी शर्यतीत घेतो."

त्या दिवसापासून समूने घरात सरळ चालणं सोडलं. स्वयंपाकघरातून हॉलमध्ये येताना ती फ्रिजपाशी कलायची, एक गुडघा बाहेर काढायची आणि तोंडाने आवाज करत सोफ्यावर शर्यत जिंकायची. इतकं मनापासून तिने आजवर काही मागितलं नव्हतं.

पत्ताही देवरे सरांनीच दिला. निफाडजवळच्या एका द्राक्षबागायतदाराचा मुलगा असल्या गाड्या चालवतच मोठा झाला होता आणि आता आणखी मोठ्या गाडीवर गेला होता. त्या बागायतदाराच्या, म्हणजे सोपानभाऊंच्या शेडमध्ये, फवारणीच्या पंपाशेजारी दोन गाड्या उभ्या होत्या. एक छोटी, एक मोठी.

"पोरगी किती वर्षांची हाय?" सोपानभाऊंनी विचारलं.

"नऊ."

"मंग ही घ्या." त्यांनी छोटीवरचं पोतं काढलं. समू एका उडीत तिच्यावर बसली. दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकले. विषय इथेच संपायला हवा होता.

"ही किती दिवस पुरेल?" मी विचारलं.

सोपानभाऊ गोंधळले. "पेट्रोल टाकलं की चालती, ताई."

"तसं नाही हो. हिला आखूड कधी होईल?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मिलिंदकडे पाहिलं. मिलिंदनी द्राक्षाच्या मांडवाकडे पाहिलं.

"आणि ती मोठी?"

"ती लय मोठी हाय. माझ्या पोरानं बाराव्या वर्षी चालवायला घेतली."

"मग हीसुद्धा बारा वर्षांची होणारच आहे."

"व्हईल की. पन शर्यत तवर थांबंल का?"

हा प्रश्न मी कानाआड केला. मिलिंदनी चाचरत सांगून पाहिलं, "अगं, सर म्हणाले होते की पाय..." "मुलींचे आधी पायच वाढतात," मी गणिताच्या शिक्षिकेच्या आवाजात सांगितलं, आणि समूला उचलून मोठ्या गाडीवर ठेवलं. तिचे पाय दोन्ही बाजूंना दोडक्यासारखे लोंबू लागले.

"कशी आहे?"

"छान आहे," समू म्हणाली. (नऊ वर्षांचं मूल इतक्या हळू आवाजात 'छान आहे' म्हणालं की आईने थांबावं. मी थांबले नाही.)

"नीट वापरायची हं. सातवीपर्यंत पुरवायचीय," मी बजावलं.

"नाय जमली तर बिनघोर परत आना," सोपानभाऊ म्हणाले आणि टेम्पोत गाडीशेजारी द्राक्षांची एक पेटी ठेवली. ती पेटी मी विजयाची खूण समजले. आता वाटतं, ते सांत्वन होतं.

गाडी सोसायटीत उतरली. खालच्या मजल्यावरच्या काकू लगबगीने लिंबू-मिरची घेऊन आल्या. माझे सासरे, अण्णा, ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले आणि पक्के बाबासाहेबांचे. ते म्हणाले, "वहिनी, लिंबाचं सरबत करा, मिरचीचा ठेचा करा. गाडीला ब्रेक आहे." मग समूला गाडीवर बसलेली पाहून त्यांनी सावकाश चष्मा पुसला. "सूनबाई, विमानसुद्धा चाकं जमिनीला टेकल्याशिवाय उतरलं असं म्हणत नाहीत."

"वाढेल ती, अण्णा."

मी मागे हटणारी नव्हे. चांभाराकडून तिच्या बुटांना जाड रबरी तळवे लावून घेतले. पाय खाली पोचेनात ते पोचेनातच, पण वजनामुळे आता वरही जाईनात. सीटचा स्पंज कापून घेतला, तर समू घसरून टाकीवर जाऊ लागली. शेवटी गाडीच्या दोन्ही बाजूंना जेवायचे पाट ठेवले. त्यांच्यावर तिचे पाय अगदी सुरेख टेकले. ("ट्रॅकवर पाट घेऊन हिच्याबरोबर कोण पळणार?" मिलिंदनी विचारलं. मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. ते त्या दिवसापासून सकाळी चालायला जाऊ लागले.) हेल्मेटही मी वाढत्या डोक्याचं आणलं होतं. समूने मान वळवली तरी ते समोरच बघत राही.

समू मात्र तक्रार करत नव्हती. उलट रोज सकाळी उठून अण्णांबरोबर गच्चीवर जायची आणि कपडे वाळत घालायच्या लोखंडी दांडीला लटकायची. पोरगी व्यायामाला लागली, गाडीचा केवढा हा फायदा, असं मी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना सांगून आले.

मग रविवारी आम्ही गाडी ट्रॅकवर नेली. देवरे सर शिट्टी वाजवत आले, गाडी पाहिली आणि शिट्टी तोंडातून पडली.

"हाई गाडी पोरनी शे का बापनी शे?"

"वाढत्या अंगाची घेतली, सर."

हेल्मेट सरांनी पहिल्याच नजरेत बाद करून ट्रॅकवरचं दिलं. मग म्हणाले, "एकच फेरी. सावकाश. बाबा धरून सोडतील, बाबाच धरून थांबवतील. मला फक्त बघायचंय."

मिलिंदनी गाडी धरली, थोडं पळाले, सोडली. आणि काय सांगू, समू इतकी सुंदर गेली! वळणावर कलली, सरळ झाली, पुन्हा कलली. माझा ऊर भरून आला. फेरी संपत आली. मिलिंद हात पुढे करून उभे राहिले. समू आली, त्यांनी झेप घेतली आणि गाडी गेलेल्या जागी थोडी हवा पकडली.

"पुढच्या फेरीला!" ते ओरडले.

पुढच्या फेरीला ते आधीपासून पळू लागले. ती पोचेपर्यंत त्यांचा दम संपला आणि ते कठड्याला टेकून बसले. (चालण्याचा व्यायाम पळण्याला उपयोगी नसतो, हे तिथे कळलं.) सरांनी लाल झेंडा दाखवला. समूने मान हलवली, म्हणजे दिसला, आणि पुढे गेली. सर ओरडले, "लाल बटण दाब, इंजिन बंद होईल!" तिने पुन्हा मान हलवली आणि पुन्हा पुढे गेली. अण्णा प्लास्टिकच्या खुर्चीवरून सूचना देत होते, "हळू कर, हळू कर, धावपट्टी मोकळी आहे." पुढच्या तुकडीची मुलं गाड्या घेऊन ताटकळली. त्यांच्या आया मला विचारू लागल्या, "तुमची मुलगी काय विक्रम करतेय का?"

"टाकीत किती पेट्रोल आहे?" सरांनी विचारलं.

"भरलीय," मिलिंद धापा टाकत म्हणाले. "ही म्हणाली, सारखं सारखं कशाला, एकदाच काठोकाठ भरा."

आता समू माझ्यासमोरून जाताना मला तिचे डोळे दिसले. ती घाबरली होती. मी चप्पल काढली, ओढणी कमरेला खोचली आणि ट्रॅकच्या कडेला रचलेल्या टायरांपुढे दोन्ही हात पसरून उभी राहिले. "समू, माझ्याकडे ये! बटण दाब आणि सरळ माझ्याकडे ये!"

ती आली. बटण दाबलेलं, गाडी घरंगळत, अगदी हळू. मी समूला पकडलं, गाडीने मला पकडलं, आणि आम्ही तिघी टायरांत जाऊन बसलो. माझ्या मांडीवर मुलगी, गुडघ्यावर हँडल आणि डोक्यावर एक सुटा टायर. समूला काही लागलं नाही. गाडीवर साधा ओरखडा नाही, कारण ओरखडे सगळे माझ्या वाट्याला आले.

"अगं, बटण आधीच का नाही दाबलंस?" मी विचारलं.

"गाडी पडली असती ना." हेल्मेटच्या आत ती रडत होती. "तू म्हणालीस, सातवीपर्यंत पुरवायचीय."

मी तिच्या हेल्मेटची काच वर केली.

"मी रोज लटकते, आई. अण्णा माझे पाय खाली ओढतात. मी वाढतेय, पण हळू वाढतेय. शर्यतीपर्यंत नाही होणार मी एवढी. मला नको शर्यत."

मी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी मान खाली घातली. "लहान पोर रोज सांगायची, अजून थोडं ओढा. मी काय करणार?"

मला त्या क्षणी माझीच लाज वाटली, आणि रडू आलं ते तिथेच, टायरांत बसून आलं. आजवर मी सगळ्या वस्तू समूपेक्षा मोठ्या आणल्या आणि पोर बिचारी समजत राहिली की कमी आपणच पडतोय. देवरे सरांनी मला हात देऊन उठवलं. त्यांना ओरडायचा पूर्ण हक्क होता, पण ते एवढंच म्हणाले, "ताई, शर्यतीला अजून दोन रविवार आहेत. निफाड काही लांब नाही."

त्याच दुपारी टेम्पो उलटा निघाला. सोपानभाऊंनी आम्हाला लांबूनच ओळखलं. 'मी सांगत होतो' हे शब्द त्यांच्या तोंडून आले नाहीत (माझ्या तोंडून नक्की आले असते, दोनदा). शेडमध्ये छोटी गाडी धुऊन-पुसून, हवा भरून तयार होती.

"तुम्हाला कसं कळलं आम्ही येणार?"

"मोठी नेली तवाच धुऊन ठेवली," ते म्हणाले. हिशेब त्यांनी जागच्या जागी मिटवला आणि पुन्हा एक पेटी द्राक्षं ठेवली. समू छोटीवर बसली. दोन्ही पाय जमिनीला टेकवले, उचलले, पुन्हा टेकवले. मग तशीच बसून राहिली, हसत. तिला गाडी चालवायचीसुद्धा घाई नव्हती. मला स्वतःच्या मापाच्या गाडीवर हसणारी मुलगी बघायला मिळाली, याबद्दल मी त्या शेडमध्ये सगळ्यांचे आभार मानले. सोपानभाऊंचे, देवरे सरांचे फोनवर, मिलिंदचे, अण्णांचे, आणि सगळ्यात आधी समूचे, कारण तिने एकदाही विचारलं नाही की आई, तू असं का केलंस.

शर्यतीत समू सहा मुलांत पाचवी आली. तिच्या मते जिंकलीच. शेवटची फेरी संपवून ती गाड्या थांबवायच्या जागी आली, ब्रेक दाबला आणि दोन्ही पाय जमिनीवर थपकन टेकवून उभी राहिली. एकटी. कुणी धरलं नव्हतं.

"आई, सरक ना जरा," ती हेल्मेटची काच वर करून म्हणाली, "मागे गाडी येतेय."

मी तिच्यासमोर दोन्ही हात पसरून उभी होते. चप्पल कधी काढली तेही आठवत नाही.

नेमका तोच फोटो कुणीतरी काढला आणि अण्णांनी तो मोठा करून हॉलमध्ये लावला. घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो आणि अण्णा प्रत्येकाला उठून समजावून सांगतात, "गाडीवर आहे ती आमची नात. आणि पुढे उभा आहे तो तिच्या जुन्या गाडीचा ब्रेक."