फेकून दिलेला पू

“तुमच्या वडिलांना टीबी नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “मेलिऑइडोसिस आहे.”

गोव्यातल्या मोठ्या हॉस्पिटलच्या व्हरांड्यात मी उभी होते. पुढचा शब्द मला कळला नाही. आधीचं वाक्य मात्र कळलं. गोव्याला आणेपर्यंत बाबा टीबीच्या गोळ्या गिळत होते, रोज, उपाशीपोटी, ओकत ओकत. ते सगळं ओकणं फुकट गेलं होतं.

हा आजार तुमच्या घरात कधी शिरेल सांगता येत नाही, म्हणून हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. मालवण तालुक्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, आणि त्याचा मला अभिमान आहे. तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

बाबांना ताप आला तो भाताची लावणी उरकल्यावर. आधी सगळ्यांना येतो तसाच वाटला. मग खोकला, मग रात्रीचा घाम, मग शर्ट खांद्यावरून लोंबायला लागला. तालुक्याच्या गावी एका खाजगी हॉस्पिटलात एक्स-रे काढला. उजव्या फुप्फुसात वर पांढरा डाग. डॉक्टरांनी विचारलं, “काय काम करता?”

बाबा खुर्चीत सरळ बसले. डॉक्टरांपुढे ते नेहमी शुद्ध मराठी बोलतात. “मी मर्चंट नेव्हीत होतो. इंजिन रूमला. आता रिटायर.”

“बोटीवर म्हणजे सिगारेट असणारच,” डॉक्टर म्हणाले आणि लिहायला लागले. थुंकी तपासली, त्यात टीबीचे जंतू मिळाले नाहीत. तरीही औषध सुरू. कधी कधी जंतू न सापडताही टीबी असतो, हे खरं आहे. मी तेव्हा वाचलंही. पण औषधाने ताप उतरत नसेल तर पुन्हा विचार करायचा असतो, हेही त्याच पानावर लिहिलेलं होतं. ते मी डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, “मॅडम, गुगल बंद करा.”

टीबी शब्द वाडीत पोचला आणि आमच्या घरची माणसं ओळखू येईनाशी झाली. शेजारच्या घरातली आमची काकी, बाबांच्या सख्ख्या भावाची बायको, बाबांना चहा द्यायची तो कप राखेने घासून पडवीच्या टोकाला पालथा घालायची. बघायला येणारे नाकाला रुमाल लावून उंबऱ्याबाहेर उभे राहायचे आणि तिथूनच ओरडून विचारायचे, “बरां आसा मां?” बाबा आतून ओरडायचे, “भितर येवन बघ!” कोणी येत नसे.

मुंबईचा माझा भाऊ, दादा, रोज सकाळी मोबाईलवर काहीतरी पाठवायचा. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं, हळद आणि मिरी. जपानमध्ये नवा शोध, उपाशी राहा म्हणजे पेशी स्वतःलाच बऱ्या करतात. ज्याला मधुमेह आहे आणि ज्याची हाडं वर आलीत, त्याला उपाशी ठेवायचं म्हणे! मी त्याला लिहिलं, “संशोधन तुझ्या मोबाईलात होत नाही. येऊन बापाचं भांडं साफ कर.” तो चार दिवस बोलला नाही. बरं झालं.

गणपतीच्या सुमारास बाबांच्या मांडीला सूज आली. नारळाएवढी, लाल, हात लावू देत नव्हते. काकीने तांदळाच्या पिठाचं पोटीस बांधलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा त्याच हॉस्पिटलात नेलं आणि सर्जनने चिरा दिला.

जे आलं ते कसं होतं हे सांगायला नको, असं पुष्कळ लोक म्हणतील. मी सांगते, कारण तुमच्याही घरात ते येईल तेव्हा तुम्हाला नाक मुरडायला वेळ नसेल. पिवळट, दाट, शेवाळी डबक्यासारखा वास, आणि थांबेचना. वाटी भरली, दुसरी भरली. मी बाबांचा हात धरून उभी होते. सर्जनबरोबर एक शिकाऊ डॉक्टर होता. त्याने खिशातून मोबाईल काढून जखमेचा फोटो घेतला, मग जरा मागे सरकून बाबांच्या उघड्या अंगासकट आणखी एक.

“कशाला?” मी विचारलं.

“आमच्या ग्रुपवर. इंटरेस्टिंग केस आहे.”

“डिलीट कर. माझ्यासमोर.”

त्याने केलं. ह्या सगळ्या आजारपणात मला पुवाची जितकी किळस आली, त्याहून जास्त त्या पोराच्या ‘इंटरेस्टिंग’ची आली.

तो पू कल्चरला पाठवला. कल्चर म्हणजे नमुना काचेच्या बशीत पसरून त्यातल्या जंतूंना खाऊ घालून वाढवणं. काय उगवतं ते पाहिलं की कुठलं औषध लागू पडेल ते ठरतं. काही दिवसांनी रिपोर्ट आला. त्यात एक जंतू उगवला होता, आणि पुढे शेरा होता: बहुधा कंटॅमिनंट. म्हणजे बाहेरून, हवेतून, हाताबिताचा पडलेला कचरा. लॅबवाल्याने ती बशी फेकून दिली. डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला. टीबीच्या गोळ्या चालू.

त्यानंतर बाबा बोलेनासे झाले. डोळे उघडे, पण आपण समोर आहोत हे त्यांना कळतंय की नाही ते समजेना. श्वास तोंडाने. शाळेत रजा टाकली, एका मासेवाल्याच्या ओळखीची गाडी केली आणि गोव्याला नेलं. वाटेत गोव्याची हद्द यायच्या आधी, बांद्याच्या जवळ, त्यांचा हात इतका थंड लागला की मी ड्रायव्हरला म्हटलं, “भाऊ, आता मागे वळू नका, काहीही झालं तरी.” आईने गाडीतच देवाला गाऱ्हाणं घातलं, मोठ्याने, सगळ्या देवचारांची, गावच्या राखणदारांची, नावं घेऊन. ड्रायव्हर प्रत्येक नावाला “व्हय महाराजा” म्हणत होता.

तिथे नव्याने सगळं केलं. रक्ताचं कल्चर, मांडीतला उरलेला पू, सीटी स्कॅन. स्कॅनमध्ये प्लीहेतही गळवं दिसली. प्लीहा म्हणजे डाव्या बरगडीखालचा अवयव. तिसऱ्या दिवशी सूक्ष्मजीवशास्त्र विभागाच्या डॉक्टरीणबाईंनी व्हरांड्यात मला ते नाव सांगितलं आणि मग त्या स्वतः वॉर्डात आल्या. लॅबमधला माणूस पेशंटच्या खाटेशी आलेला मी पहिल्यांदा पाहिला. बाबांना इंजेक्शनांनी जरा शुद्ध आली होती.

“आजोबा, पावसात चिखलात उतरता का?”

बाबांनी शुद्ध मराठी काढली. “मी मर्चंट नेव्हीत होतो.”

“ते कळलं. भात लावता का?”

“लावतो की.”

“अनवाणी?”

“मग? बूट घालून भात लावतात?”

“मग तुम्ही हे तिकडच्या डॉक्टरांना का नाही सांगितलं?”

बाबा गोंधळले, आणि गोंधळले की त्यांची मालवणी सुटते. “त्यांनी ‘काय काम करतास’ म्हणान इचारल्यानी. घरच्या भाताक काम कोण म्हणता, बाय?”

 आमच्याकडे हे असंच आहे. काम म्हणजे बोट, काम म्हणजे मुंबई, काम म्हणजे महिन्याला येणारा पैसा. दोन कुणग्यांत, म्हणजे दोन लहान खाचरांत, भात लावणं, झोडणं, पेंढा रचणं हे काम नाही; ते जेवणं-झोपणं असतं तसं असतं. वाडीतल्या कुठल्याही पुरुषाला विचारा, तो ‘रिटायर’ सांगेल, आणि त्याच्या पोटऱ्यांना चिखल वाळलेला असेल.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं ते असं. हा जंतू मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहतो. पायाच्या भेगांतून, जखमेतून शिरतो, कधी वादळी पावसात श्वासातूनही. मधुमेहवाल्यांना जास्त धरतो. फुप्फुसात डाग पाडतो, म्हणून टीबी वाटतो. लॅबमध्ये उगवतो तो साध्या कचऱ्यासारखा दिसतो, म्हणून फेकला जातो. आधी हा थायलंडचा, ऑस्ट्रेलियाचा आजार समजत. आता आपल्या किनाऱ्यावर संशोधक शोधायला लागलेत, आणि शोधलं की सापडतोय.

“म्हणजे हे छापून आलेलं आहे?” मी विचारलं.

“आलंय. कुणीही वाचू शकतं.”

माझा संताप तिथे शिगेला पोचला. छापून आलेलं आहे! आणि आमच्या तालुक्यात त्याच जंतूला कचरा म्हणून बादलीत टाकतात. ज्याच्या मोबाईलात जपानच्या उपासाचा शोध पोचतो, त्याच्या डॉक्टरपर्यंत त्याच्याच मातीतल्या जंतूचा शोध पोचत नाही.

दोन आठवड्यांहून जास्त शिरेतून इंजेक्शनं चालली. मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं की बाबांच्या पुवातला जंतू अभ्यासासाठी जपून ठेवू का. नाही म्हणालात तरी उपचार तेच मिळतील, असंही सांगितलं. आधी विचारलं, मग घेतलं. मला फक्त एवढंच हवं होतं.

“माझो पू?” बाबा म्हणाले. “तो घेवन काय करतल्यात?”

“त्याचा अभ्यास.”

बाबा कितीतरी दिवसांनी हसले. “आमच्या घरात पयलां शिकलां तां माझां चेडू. आता दुसरो माझो पू!” बाजूच्या खाटेवरचा माणूसही हसला. मी बाहेर जाऊन रडले.

घरी आल्यावर खरी परीक्षा होती. निदान तीन महिने गोळ्या. जुन्याच, साध्या, पण पोट ढवळून काढणाऱ्या. त्या मध्येच सोडल्या तर आजार परत येतो, आणि परत आलेला जास्त वाईट, असं बजावलं होतं. बाबांना बरं वाटायला लागल्याबरोबर त्यांनी गोळ्या परसातल्या अळवात टाकायला सुरुवात केली. आईने पकडलं.

“माका बरां आसा आता!”

“बरां आसा तां गोळयेन आसा,” आई म्हणाली. “तुमका परत थंय न्हेवची ताकद माझ्यात नाय. थंयच मराचा आसात तर आताच सांगा.”

त्यानंतर ती त्यांच्यासमोर बसायची, गोळी गिळून तोंड उघडून दाखवेपर्यंत. शेवटच्या तपासणीत फुप्फुस स्वच्छ, प्लीहा स्वच्छ. काकी म्हणाली, पोटीस लागू पडलं. दादा म्हणाला, हळद-मिरी. दोघांशीही मी भांडले नाही. किळस यायलाही जोर लागतो.

पण त्या खाजगी हॉस्पिटलात मी गेले. गोव्याचा रिपोर्ट डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी वरवर चाळला.

“आमच्याकडे असे पेशंट येत नाहीत.”

“येतात. तुम्ही त्यांना टीबी म्हणता. कचरा म्हणून जे टाकता, ते आधी मोठ्या लॅबला पाठवा. हा त्यांचा नंबर.”

“तुम्ही शिक्षिका आहात ना?” ते म्हणाले. “मग शाळेत शिकवा.”

मी नंबर टेबलावर ठेवला आणि निघाले. जिना उतरताना वाटलं, थुंकावं. थुंकले नाही, तिथे माणसं बसली होती.

पुढल्या पावसात एकदा शाळेत मधल्या सुट्टीत फोन आला. तेच डॉक्टर. नमस्कार नाही, ओळख नाही. “मॅडम, एक पेशंट आहे. शेतातला. टीबीच्या औषधाने ताप हलत नाही. लॅबला सांगून बशी ठेवून घेतलीय. तो नंबर जरा परत द्या, माझ्याकडून हरवला.”

मी दिला. त्यांनी आभार मानले नाहीत, मला नकोही होते. मी मात्र त्या डॉक्टरीणबाईंचे आभार मानते, आणि ज्यांनी आपल्या किनाऱ्याची माती उकरून पाहिली त्या न पाहिलेल्या माणसांचेही. डॉक्टरवर आता मी आंधळा विश्वास ठेवत नाही, पण शास्त्रावर आधीपेक्षा जास्त ठेवते. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला एवढं शिकूनही बापाच्या खाटेशी उभी राहिल्यावर कळलं.

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते पडवीत बसून मासे साफ करत होते. कोण तो, कुठल्या गावचा, त्यांनी काही विचारलं नाही.

“त्या डाक्टराक परत फोन लाव,” ते म्हणाले. “त्या माणसाक सांग म्हणा, ओकारी येतली, पण औषध मधीच सोडू नको. आणि घरात बायल आसा काय इचार. नसली तर मी जावन बसतंय त्याच्या म्होरे.”