ऐकलेला धबधबा

“मग काय जेलात टाकलंतं काय तुला तिथं? इमानानं न्हेलंतं न्हवं?”

“न्हेलंसा की. आचारीण म्हणून न्हेलंसा,” शालन म्हणाली.

बाळासो कोचावरून अर्धे उठले आणि परत बसले. पाच मिनिटांपूर्वी त्यांनी इचलकरंजीला बहिणीला फोन लावला होता. जानेवारीत परत अंदमान, या वेळी तिची माणसं धरून चौदाजण. बोलता बोलता म्हणाले, “जेवणाची काळजीच सोडा, शालन हाय की.” त्यांची बायको शालन आत भाकऱ्या थापत होती. ती पिठाच्या हातांनीच बाहेर आली आणि मागच्या खेपेला मी तिथं काय बघितलं, असं विचारू लागली.

शालन बावन्न वर्षांची. माहेर गगनबावड्याचं. कड्यावरून पडणारं पाणी बघायला लहानपणी ती दोन-दोन तास चालत जायची आणि घरी येऊन मार खायची. लग्न होऊन कळंब्याला आली, त्याला तीस वर्षं झाली. घराला लागूनच चटणी कांडपाचं यंत्र आहे, ते तीच चालवते. उन्हाळ्यात मिरच्यांचे डबे घेऊन बायकांची रांग लागते आणि ती दिवसभर उभी असते. पहाटे तळ्याच्या कडेनं जाऊन यायचं, तेवढंच तिचं चालणं. गेल्या वर्षी तिच्या गुडघ्याचा फोटो बघून डॉक्टर म्हणाले, “सपाटीवर चालत राहा. डोंगर-बिंगर चढायचे असतील तर दोनेक वर्षांत उरकून घ्या.” त्यांनी ते सहज म्हटलं. ती ते विसरली नाही.

म्हणूनच मागच्या डिसेंबरात बाळासो आणि त्यांच्या मित्रांचं अंदमान ठरलं, तेव्हा तिनं आधी विचारलं, तिथं चालत जायचा धबधबा आहे का? ऋतुराजनं, तिच्या मुलानं, मोबाईलवर शोधून दाखवला. एका लहान बेटावर समुद्राच्या कडेनं दीड तास चालायचं, मग जंगलातून चढ. तिनं बूट घेतले आणि महिनाभर ते घालून पहाटे चालली. साडीखाली बूट बघून शेजारणी हसल्या. हसू देत.

पण बाळासोंनी बॅगेत चार किलो चटणी भरली होती. बेटावर ज्या बंगाली कुटुंबाकडं उतरले, त्यांचं जेवण एकदाच चाखलं आणि हात आखडता घेतला. “मोहरीचं तेल! न्हाय बा जमत.” घरमालकिणीनं बिचारीनं परसातली चूल दिली.

धबधब्याची वाट खडकांच्या पायथ्यानं, ओहोटी असेपर्यंतच उघडी. पहिल्या दिवशी साडेसातला निघायचं होतं. सातला मित्रांनी मटण आणलं. बाळासो म्हणाले, “तू उद्या जा, आज एवढं उरक.” नऊजण गेले, धबधब्याखाली भिजले, फोटो काढून आले आणि पातेलं पुसून जेवले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे पाय दुखत होते, म्हणून कोंबड्या आणल्या. शेवटच्या दिवशी नऊला निघायला हवं होतं. शालननं रस्सा फोडणीला टाकला, जाळ कमी केला, तोवर साडेदहा झाले. ती एकटीच निघाली. आडवी पडलेली झाडं ओलांडली, गुडघाभर पाण्यातून गेली. एका वळणावर तिला आवाज आला. लाटांचा नव्हे, उंचावरून पडणाऱ्या पाण्याचा. तो तिला झोपेतही कळला असता. तेवढ्यात समोरून परत येणाऱ्या वाटाड्यानं हात आडवा धरला. भरती लागली होती. ती तिथंच खडकावर उभी राहून दहा मिनिटं ऐकत राहिली आणि मागं फिरली.

आली तोवर रस्सा तळाला लागला होता. अंदमानची आठवण म्हणून घरात अजून तेवढंच सांगतात. करपलेला रस्सा.

“अगं, पाणीच की ते,” दारात लसूण सोलत बसलेल्या सासूबाई, अंबूबाई म्हणाल्या. “एवढा जीव काय टाकायचा त्यापायी?”

“आई, व्हिडिओ हाय की माझ्याकडं,” ऋतुराज म्हणाला. “टीव्हीवर लावू? मोठा दिसतोय.”

“लाव, आणि आंघोळ पण कर त्याच्याखाली,” शालन म्हणाली.

बाळासोंनी आवाज खाली आणला. “हे बघ, या टायमाला तुला नक्की न्हेतो. एक दिवस स्वयंपाकाला सुट्टी. सगळी हाटेलात जेवू. मग तर झालं?”

“कुठला दिवस?”

बाळासोंनी छताकडं बघितलं. बोटांवर काहीतरी मोजलं.

“शेवटचा.”

ऋतुराजला हसू आलं, पण आईचं तोंड बघून त्यानं ते गिळलं. आत तव्यावर भाकरी करपल्याचा वास यायला लागला. कुणीच उठलं नाही. सगळे शालनकडं बघत होते, ती जाईल म्हणून. ती उभीच राहिली. शेवटी अंबूबाईच कण्हत उठल्या आणि गॅस बंद करून आल्या.

“तुमच्या चौदाजणांत मी न्हाय,” शालन म्हणाली. “तुम्ही जावा न्हाय तर ऱ्हावा. सहा जानेवारीला मी एकटी जाणार हाय, त्याच बंगालिणीच्या घरात. कांडप आठ दिवस बंद ऱ्हाईल, तसा बोर्ड लावा.”