मोहाच्या झाडापुढची वाट

माझ्या मुलीचं सासर कन्हान नदीच्या काठी आहे. गाव उंचावर, नदी खाली. मधली जमीन इतकी हळू उतरत जाते की उतार आहे हे पायांना कळतसुद्धा नाही. दोन्ही बाजूंना तूर आणि मिरचीची वावरं, मधून बैलगाडीची वाट, आणि शेवटी नदीची पांढरी रेती. पलीकडच्या काठामागे डोंगरांची निळसर रेघ दिसते. लहान पोर असो की म्हातारं माणूस, कोणीही निवांत चालावं अशी ती वाट आहे. तिच्यावर मी एक काम केलं. त्याचा मला अभिमान वाटतो. तोंडाने हे मी कोणाजवळ बोलू शकणार नाही, म्हणून लिहिते.

माझे यजमान विणकर होते. मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्या गल्लीत घरोघरी माग होते. सकाळी उन्हं तापायच्या आधी गल्लीत ताणा लागायचा. ताणा म्हणजे लुगड्याचं उभं सूत. जमिनीत काड्या रोवायच्या आणि हातात सुताच्या कांड्या घेऊन बायांनी घरापासून गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत चालत जायचं, वळायचं, परत यायचं. मग त्या सुताला खळ लावायची. तेव्हा एका टोकाला हे ओढून धरायचे आणि दुसऱ्या टोकाला मी. कोणीच सोडायचं नाही. एकाने सोडलं तर दुसरा पाठीवर पडणार आणि सुताचा गुंता होणार. सगळी जवानी मी अशी चालले, पण गेले कुठेच नाही. घर ते कोपरा, कोपरा ते घर.

मग माग गेले. मुलाला बुटीबोरीच्या कारखान्यात नोकरी लागली, त्याने मनीषनगरात फ्लॅट घेतला आणि आम्ही तिथे राहायला गेलो. तिथेच यांची उजवी बाजू लुळी पडली. दवाखान्यातून निघताना डॉक्टर म्हणाले होते, पाय चालवला तर चालेल, नाहीतर खाट धरतील. एकदा हे खाली पार्किंगमध्ये चालायला गेले आणि चार लोकांसमोर पडले. लोकांनी धावत येऊन उचललं. पण यांना ते उचलणंच लागलं. त्यानंतर खाली जायचं नाव काढलं नाही.

मुलीच्या सासूने, म्हणजे माझ्या विहीणबाईंनी, दिवाळीनंतर आम्हाला बोलावून घेतलं. लेकीच्या सासरी जाऊन राहायचं यांच्या जिवावर आलं होतं. विहीणबाई फोनवर म्हणाल्या, "मी काही जावई म्हणून नाई बोलावून राहिली तुमाले, का मानपान करू. नदीची हवा खा अन् गुमान राहा." हे हसले आणि आले.

पण चालेनात. काठी धरायची नाही, कारण काठी म्हाताऱ्यांची. माझा हात धरायचा नाही, कारण व्याह्यांचं घर, लोक काय म्हणतील. एका सकाळी हे उंबऱ्यात नुसतेच उभे होते. मी यांचा खांद्यावर घ्यायचा धुतलेला दुपट्टा वाळत घालायला निघाले होते. तोल जातो असं वाटून यांनी डाव्या हाताने दुपट्ट्याचं एक टोक पकडलं. दुसरं माझ्या हातात होतं. मी काही विचार केला नाही, जुन्या सवयीने ओढून धरलं. हे सरळ उभे राहिले.

"ढिलं नको सोडू वं," हे म्हणाले. आजारपणानंतर पहिल्यांदाच तो मागावरचा आवाज ऐकला.

तेव्हापासून आम्ही तसं चालू लागलो. मी पुढे, हे मागे, मध्ये ताणलेला दुपट्टा. आयुष्यभर मी यांच्या मागून चालले होते. पुढे चालताना पाठ उघडी पडल्यासारखं वाटायचं. त्यात नळावरच्या बाया.

"काहून वं बाई, चारायले नेऊन राहिली काय बुढ्याले?"

माझी मान खाली गेली. मागून हे म्हणाले, "हाव. अन् चारा लय महाग झाला, म्हणून नदीकडे चाललो."

बाया घागरी सोडून हसल्या. मग रोजच काहीतरी बोलायच्या, आणि रोजच हे उत्तर द्यायचे. मी मात्र खाली बघूनच चालत राहिले.

वाटेत एक मोठं मोहाचं झाड आहे. तिथे पोचलो की आम्ही वळायचो, दारापर्यंत यायचो आणि पुन्हा झाडापर्यंत जायचो. असं कोणी ठरवलं नव्हतं. एक दिवस मुलीने विचारलं, "आई, नदी पुढं हाय ना! तुमी झाडापासूनच काहून परतून येता?"

विहीणबाई पायरीवर बसून तूर पाखडत होत्या. त्याही विणकराच्याच लेक. त्यांनी झाडाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि सूप खाली ठेवून हसत सुटल्या.

"अवं मायबाई, हे दोघं ताणा लावून राहिले! तुमची गल्ली एवढीच होती ना वं?"

मी मागे वळून झाडाकडे पाहिलं. खरंच, आमच्या जुन्या घरापासून कोपरा तेवढाच होता. आम्ही दोघं नदीकाठी येऊन आपल्या गल्लीतच चालत होतो. मलाही खूप हसू आलं.

पण नुसत्या हसण्याने काही भागलं नाही. थंडी सरली तसे हे झाडापर्यंतही जाईनात. झाड दिसलं की म्हणायचे, "झालं. माझं एवढंच." अलीकडूनच वळायचे. मग मुलाचा फोन आला. दवाखान्यात असते तशी वर-खाली होणारी खाट घ्यायची म्हणाला. बापाला आराम पडेल म्हणून चांगल्या मनानेच म्हणाला. यांनी फोन माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "आणू दे. खाट बरी राहीन."

मला त्या खाटेची फार भीती वाटली. पडलेल्या माणसासाठी खाट येते हे ठीक आहे. पण यांनी ती यायच्या आधीच मनाने तिच्यावर पाठ टेकली होती.

दुसऱ्या सकाळी निघालो. कसंतरी मोहाच्या झाडापर्यंत आलो. माझे पाय आपले आपण वळायला लागले, ते मी जोर करून सरळ ठेवले. मागे यांचे पाय मात्र वळले होते. दुपट्टा ताणला गेला.

"अवं, झाड आलं."

"हाव जी, पाह्यलं मी."

"मंग?"

"नदी पाहून येऊ."

"येड लागलं काय तुले? परत कोण आणन मले? खांद्यावर घेशीन?"

"घेईन. पहिले चाला तं खरं."

यांना असं उत्तर मी जन्मात दिलं नव्हतं. माझे कान गरम झाले.

"सोडतो मी टोक," हे म्हणाले.

"सोडा."

मी मागे पाहिलं नाही. टोक सुटलं असतं तर हे पडलेच असते, आणि त्यानंतर यांना कोणीच चालवू शकलं नसतं. पण यांनी आयुष्यात ताण्याचं टोक कधी सोडलं नव्हतं. ज्या सवयीने यांना वळवलं तीच सवय यांना पुढे आणेल, एवढ्याच भरवशावर मी एक पाऊल टाकलं. मग दुसरं. दुपट्टा तसाच ताठ राहिला. थोड्या वेळाने मागून पाय घासत येण्याचा आवाज आला.

मग हे मला रागे भरत चालले. मिरचीच्या वावरापाशी माझ्या माहेरचा उद्धार केला. पळसांना लालभडक फुलं आली होती, त्यांच्याखाली पोचलो तोवर माझ्या मामापर्यंत आले होते. दम लागला की थांबायचे. दम परत आला की मामा जिथे राहिला होता तिथून पुढे सुरू. इतकं तर हे आजारपणापासून बोललेच नव्हते. मी पुढे तोंड करून गालातल्या गालात हसत होते आणि दुपट्टा ढिला पडू देत नव्हते.

मग वाट रेतीत शिरली आणि मामा तिथेच राहिला. नदी समोर होती. पाणी थोडंच, पण तळ दिसावा इतकं स्वच्छ. काठाच्या रेतीत डांगराचे, म्हणजे खरबुजाचे, वेल लावले होते, त्यांना लिंबाएवढी हिरवी फळं धरली होती. वेलांना पाणी घालणारी बाई उभी राहिली.

"कोठून आले जी?"

"वरतून," हे म्हणाले. "गावातून. चालत आलो."

"अन् हे दुपट्ट्याले काहून धरलं दोघांनी?"

हे माझ्याकडे पाहू लागले. अनोळखी माणसाशी मी कधी बोलत नाही, हे यांनाच बोलू देते. त्या दिवशी मी बोलले.

"आमी विणकर हाओ बाई. आमच्यात असंच चालतेत."

बाईने मान डोलावली, जसं काही हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. तिने यांना बसायला घमेलं पालथं घालून दिलं. हे बराच वेळ पाय पाण्यात सोडून बसले. लुळा पाय यांनी हाताने उचलून पाण्यात ठेवला आणि म्हणाले, "गार लागून राहिलं याले."

परतीला चढ होता, तो यांच्या पायाला कळला. फार वेळ लागला. मोहाच्या झाडाशी हे थांबले, खोडाला हात लावला आणि पुढे निघाले. दारात विहीणबाई वाट पाहत उभ्या होत्या. घाबरल्या होत्या, पण तोंड तेच.

"झाला काय जी ताणा?"

"आज गल्ली लांब निघाली, विहीणबाई," हे म्हणाले आणि उंबऱ्यात बसले.

संध्याकाळी मुलाचा फोन आला तेव्हा यांनी माझ्याकडे न देता स्वतःच बोलायला घेतला. "खाट नको आणू. नाई, नाई, नकोच. आणायचीच असन काही तं तुह्या मायले चप्पल आण. नदीवर जाऊन जाऊन झिजली तिची." एकदाच गेलो होतो. मी भिंतीकडे तोंड करून भाजी निवडत राहिले.

चप्पल आली. एक बोटभर मोठीच आली. मी बदलून मागितली नाही, तशीच घालते. आता नळावरच्या बायांनी काही विचारलं तर कधीमधी मीच उत्तर देते, मान वर करून. आणि मोहाचं झाड आलं की दोघांपैकी कोणाचाच पाय वळत नाही.