खून शनिवारीच उरकायचा

काका कुठलीही गोष्ट शेवटपर्यंत सांगत नसत. कोलोनच्या स्टेशनवर त्यांची बॅग कशी चोरीला गेली, ती पोलिसांना कुठे सापडली आणि उघडल्यावर आत भलत्याच माणसाचे कपडे कसे निघाले, इथवर आले की ते चष्मा काढून पुसायला घ्यायचे आणि विचारायचे, "तुला काय वाटतं, कुणाचे असतील?" आपण डोकं खाजवत दोनचार अंदाज करावेत, तर ते "छान, छान" म्हणत चहा टाकायला उठायचे. ते कपडे कुणाचे होते हे मला आजतागायत कळलेलं नाही. इतका चीड आणणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि इतका आवडलेलाही क्वचितच.

काका मूळचे साताऱ्याचे. तरुणपणी इंजिनिअर म्हणून जर्मनीत कोलोनला आले, हेल्गाकाकूंशी लग्न केलं आणि इथलेच झाले. आम्ही इथली मराठी मंडळी त्यांना तोंडावर काका आणि पाठीमागे इन्स्पेक्टर म्हणायचो. कारण निवृत्तीनंतर त्यांनी जुन्या काळी रेडिओवर लागायची तशी एक रहस्यमय श्रुतिका मराठीत लिहायला घेतली होती. ती आमच्याकडून वदवून घेऊन ते भागाभागांनी इंटरनेटवर सोडत. तिच्यातले इन्स्पेक्टर खळदकर अर्थातच ते स्वतः. लहानपणी त्यांच्या घरी रेडिओ नव्हता. गल्लीतल्या शिंप्याच्या पायरीवर बसून ते असल्या श्रुतिका ऐकत, आणि ऐन मोक्याला गिऱ्हाईक आलं की शिंपी रेडिओ बंद करी. मग ते काय करायचे, असं मी एकदा विचारलं. त्यावरही "तुला काय वाटतं?"

ध्वनिमुद्रण त्यांच्या घराच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात चाले. एका बाजूला बटाट्यांची पोती, दुसऱ्या बाजूला काकूंच्या जॅमच्या बरण्या, आणि मध्ये गोधड्या टांगून केलेला स्टुडिओ. कथा पाचगणीतल्या एका बंगल्यात घडायची. तिथे आबासाहेब नावाच्या धनिकाला कोणीतरी गोळी घालतं. मी त्यांची पुतणी होते. फॅमिली डॉक्टर होता समीर. तो वाल्डॉर्फला सॉफ्टवेअरमध्ये आहे. विधवा वहिनी झाल्या होत्या मंजिरीताई. त्यांचा दातांचा दवाखाना आहे, त्यामुळे दुसऱ्याने तोंड उघडायचं आणि आपण बोलायचं ही त्यांची सवय काही सुटत नसे. हेल्गाकाकूंना बंगल्यातल्या परदेशी पाहुणीचं काम होतं. त्यांना प्रत्येक भागात एकच वाक्य असे, "मी तर बागेत होते", आणि तेही काका त्यांच्याकडून पंधरा वेळा म्हणवून घेत. "आल्झो, पुन्हा एकदा," म्हणजे 'तर मग, पुन्हा एकदा', हे शब्द ऐकले की आजही माझ्या घशाला कोरड पडते.

गोळीचा आवाज काढायला चामडी पट्टा दुहेरी धरून लाकडी फळीवर हाणायचा. आता इथे रविवारी आवाज करायला बंदी, भिंतीत खिळा ठोकला तरी शेजारीण दारात उभी राहते. म्हणून काकांचा नियम होता, "खून शनिवारीच उरकायचा. रविवारी फक्त तपास." पट्टा हाणायचं काम समीरचं, आणि वाल्डॉर्फहून येणारी समीरची ट्रेन कायमची लेट. एकदा तो वाटेत मानहाइमला अडकून पडला आणि संध्याकाळ झाली. मी म्हटलं, "काका, द्या तो पट्टा, मी मारते. नाहीतर कुठूनतरी तयार आवाज घेऊ." काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी वरणात केचप घालायला सांगितलं होतं. खून पुढच्या शनिवारवर गेला आणि आम्ही बटाटेवडे खाऊन घरी परतलो.

बोलताना डोळे मिटायचे, हा दुसरा नियम. "ऐकणाऱ्याला तू दिसत नाहीस. मग तुला तरी माइक कशाला दिसायला हवा?" पण मिटल्या डोळ्यांनी कागद वाचणार कसा? म्हणून वाक्यं पाठ करायची, आणि पाठ करायला कागद मिळायचे त्याच दिवशी सकाळी, कारण काका प्रत्येक भाग त्याच पहाटे लिहीत. ध्वनिमुद्रण झालं की कागद परत घेऊन फाडून टाकत. ऑफिसात आठवडाभर राबून आल्यावर हा छळ कशासाठी, असं मी दर शनिवारी मनाशी म्हणायचे आणि दर शनिवारी जायचे.

जाण्याचं खरं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. एका दुपारी काकांनी मला परसात बोलावलं, इकडेतिकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "तुला एकटीला सांगतो. खून तू केलायस. कुणाला बोलू नकोस. काकूलासुद्धा नाही."

मी गारच पडले. "मी? पण का? कसा केला?"

"ते शेवटच्या भागात. तोवर सांभाळून बोल."

त्यानंतर मी खरोखरच सांभाळून बोलू लागले. "आबासाहेब गेले तेव्हा मी झोपले होते," एवढं साधं वाक्य म्हणतानाही माझा आवाज कापायचा. नवऱ्यालाही मी पत्ता लागू दिला नाही. ऑफिसात माझं जर्मन वाक्य पूर्ण व्हायच्या आत कोणीतरी दुसराच ते पुरं करून टाकतो. आणि इथे एका माणसाने सगळ्यांमधून मला निवडलं होतं. मला त्याचा फार आनंद झाला होता.

श्रुतिका हळूहळू बरीच लोकं ऐकू लागली. पुण्याहून सासूबाईंचा फोन आला की आधी नातवाची चौकशी आणि लगेच, "अगं, मारलं कोणी त्यांना? मला तर त्या वहिनीचाच संशय येतो." मी म्हणायचे, "आई, मलाही माहीत नाही हो," आणि मनातल्या मनात हसायचे.

शेवटचा भाग तेवढा राहिला आणि काकांचं हृदय कुरकुरायला लागलं. त्यांना हॉस्पिटलात ठेवलं. मी भेटायला गेले आणि विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?"

"तुला काय वाटतं?"

त्या दिवशी मला या खेळाचा मनापासून संताप आला. मी म्हटलं, "काका, पुरे झालं. निदान हे तरी सरळ सांगा. आणि तो शेवट मला तोंडी सांगून ठेवा. मी फोनवर रेकॉर्ड करते."

त्यांनी माझा हात थोपटला. "एवढे भाग डोळे मिटून बोललीस, तरी कळलं नाही तुला? घरी येतो मग बघू. शनिवार मोकळा ठेव."

ते घरी आलेच नाहीत. मला रडू आलं, पण रडण्यापेक्षाही राग जास्त आला. शेवट सांगायचं हातात असताना एखादा माणूस असा कसा निघून जातो? जाब कुणाला विचारायचा?

अंत्यविधीनंतर आम्ही चौघं काकूंच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. काकूंनी कॉफी आणि सफरचंदाचा केक ठेवला होता. श्रुतिकेचं पुढे काय करायचं, हा विषय निघाला. मला वाटलं, आता लपवण्यात अर्थ नाही. मी घसा खाकरला आणि म्हटलं, "काकांनी मला एकटीला सांगितलं होतं. खून पुतणीने केलाय."

समीरने कप खाली ठेवला. "काहीतरीच काय? डॉक्टरने केलाय. मला त्यांनी स्टेशनवर सोडताना गाडीत सांगितलं. कुणाला बोलू नकोस म्हणाले."

मंजिरीताईंचा चेहरा उतरला. "अरे, माझ्या दवाखान्यात, खुर्चीवर तोंड उघडून बसले होते तेव्हा कापूस बाजूला काढून सांगितलं मला. वहिनीच."

मग काकूंनी केकची सुरी पुसून बाजूला ठेवली आणि त्यांच्या मराठीत सावकाश म्हणाल्या, "मला पण बोलला तो. मी खुनी. म्हणाला, हेल्गा, फक्त तुला."

ताई हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. मला मात्र हसू येईना. इतके महिने उराशी धरलेली गोष्ट या माणसाने चौघांना वाटून टाकली होती, आणि म्हणूनच आम्ही चौघंही माइकसमोर इतकं जीव तोडून खोटं बोललो होतो. शेवट त्यांना स्वतःला तरी ठाऊक होता का, याचीच आता मला शंका येते.

सासूबाई अजून विचारतात. शेवटचा भाग अजून झालेला नाही. आम्ही दोनदा तळघरात जमलो आणि दोन्ही वेळा भांडून उठलो. समीर म्हणतो, पिस्तूल डॉक्टरच्याच बॅगेत शोभतं. ताई माघार घेत नाहीत. काकू तर चर्चेलाही तयार नाहीत, आपला नवरा आपल्याशी खोटं बोलणार नाही एवढंच म्हणतात. सगळे मला म्हणतात, तू लहान आहेस, तू तरी ऐक. पण मी कशी ऐकू? मला काकांनी एकटीला सांगितलं होतं.