हत्तीच्या पोटातला कागद

माझी विहीण मला पहिल्या दिवसापासून आवडत नाही, आणि हे लिहायला मला अजिबात लाज वाटत नाही. मुलीचं पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आमच्या डोंबिवलीला व्हायचं होतं. विहीणबाईंनी परस्पर ठरवून टाकलं. "तुमच्याकडे लिफ्ट नाही, डास आहेत. आमच्या घोडबंदरलाच करू." मुलीने मान डोलावली. तिचाही राग आला मला.

मग मी दुपटं शिवायला घेतलं. माझ्याच जुन्या सुती साड्यांचं, वर रंगीत कापडाचे हत्ती. ऑफिसात झेरॉक्सच्या कागदांचा गठ्ठा ज्या वेष्टनात येतो, ते आतून मेणचट, गुळगुळीत असतं. त्याचा हत्ती कापायचा, गुळगुळीत बाजू कापडाच्या उलट बाजूला ठेवून इस्त्री फिरवायची, की चिकटतो. कडा त्यावर दुमडून हत्ती साडीवर शिवायचा, मग साडीला मागून चीर देऊन कागद ओढून काढायचा. ठाण्याच्या ऑफिसातली सगळी वेष्टनं मी घरी आणत होते. पण डोक्यात राख घालून शिवत होते, त्यामुळे एका हत्तीतला कागद तसाच राहिला.

बारशाला विहीणबाईंनी दुपटं दोन बोटांत उचललं. कुरकुर आवाज आला. "अय्या, आत रद्दी भरलीय की काय?" सगळ्या बायका हसल्या. माझी मुलगीसुद्धा. मी पेढा न खाताच निघाले.

त्यानंतर नात एकदाही आमच्याकडे आली नाही. कधी ट्रॅफिक, कधी सर्दी. फोनवर मात्र दिसायची, मुठीत तोच हत्ती चुरगाळताना.

परवा विहीणबाई एकट्याच, दुपटं घेऊन, जिने चढून धापा टाकत आल्या. दुपटं मशीनमध्ये धुतलं, आतल्या कागदाचा लगदा झाला, आवाज गेला, आणि आता पोरगी झोपायचं नाव घेत नाही. बाजारातली कुरकुरणारी खेळणी आणली, ती फेकून देते.

"तसाच कागद घालून द्या ना. मी थांबते."

कागद कपाटातच होता. पाच-दहा मिनिटांचं काम.

"असं नाही जमायचं," मी म्हटलं. "तिला घेऊन या. राहू दे चार दिवस. आवाज बरोबर येतोय का, ते तीच सांगेल."

"अहो, पण इथे डास आहेत."

"आहेत की," मी म्हटलं. दुपट्याची घडी घातली, कपाटात ठेवली आणि किल्ली कमरेला खोचली.