आईकडून आलेलं दुखणं

बिरदेव भिगवणला मासळीच्या गाडीवर बर्फाचे खोके चढवायचा. १९९६ साली, ऐन पंचविशीत, त्याला खोका उचलला की धाप लागायला लागली, पाय सुजले. बारामतीच्या डॉक्टरांनी पुण्याला धाडलं. तिथं त्याच्या मांडीच्या मांसाचा तुकडा काढून तपासला, आणि त्याच्या आईला, प्रयागबाईला विचारलं, साखरेचा त्रास कधीपासून, ऐकायला कधीपासून कमी येतं, तुमच्या आईलाही तसंच होतं का? तसंच होतं.

मग डॉक्टरांनी समजावलं. हृदयाच्या प्रत्येक पेशीत शक्ती तयार करणारे बारीक कण असतात, मायटोकॉन्ड्रिया. बिरदेवचे अधू आहेत, म्हणून हृदय थकतं. औषधांनी त्याचा भार हलका होईल, पण कण दुरुस्त करणारं औषध अजून निघालेलं नाही. हे कण लेकराला आईकडूनच मिळतात. बिरदेवच्या मुलांना धोका नाही. त्याच्या बहिणीच्या, दिपालीच्या मुलांना आहे.

गावी, वरकुट्याला परतताना एस.टी.त बिरदेव म्हणाला, "आये, दिपालीचं लगीन हुईस्तवर ह्ये आईकडनं येतं त्ये कुणाला बोलू नगंस."

साटंलोटं ठरलेलं होतं. पिंपळीच्या दत्तोबांची रेश्मा बिरदेवला दिली होती, बदल्यात दिपाली दत्तोबांच्या मुलाला जायची होती.

रेश्माला तिसरा महिना लागला आणि जावयाच्या दुखण्याचं ऐकून दत्तोबा दारात आले. बापाचं दुखणं पोरात उतरणार, तेव्हा पोरीला बारामतीला नेऊन पोट पाडून मोकळी करतो, असं त्यांनी बसल्या बसल्या सांगून टाकलं. रेश्मा भिंतीला चिकटून उभी राहिली. बिरदेवनं मान वर केली नाही. दिपाली सगळ्यांना चहा देत होती. एकीला वाचवायचं तर दुसरीचं लग्न मोडणार, हे प्रयागबाईला दिसत होतं, आणि दोघी समोरच होत्या.

दत्तोबांनी लेकीचा दंड धरला, तशी प्रयागबाई दारात आडवी झाली.

"आबा, ह्ये बापाकडनं जात न्हाय. माझ्याकडनं आलंय. रेश्माच्या पोराला ह्ये दुखणं लागायचं न्हाय."

कूळ आणि देवक बघून सोयरीक करणाऱ्या दत्तोबांना हे नवंच होतं. त्यांनी दंड सोडला. जरा वेळानं त्यांची नजर दिपालीवर गेली.

"मग हिची पोरं, विहीणबाई?"

प्रयागबाई दारातून बाजूला झाली. दत्तोबांनी टोपी नीट केली आणि एकटेच निघून गेले. लग्नाचा विषय त्यांनी काढला नाही.

दिपालीनं कप खाली ठेवले.

"आये, माझं काळीज बी तसलंच हाय का?"

लेकीच्या लग्नाच्या काळजीत प्रयागबाईनं डॉक्टरांना हे विचारलंच नव्हतं.