मोठ्या तोंडाचा कार्बोरेटर

सीलसाहेबांना सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण संशय काही निवृत्त झाला नाही. चौतीस वर्षं त्यांनी दुकानादुकानांतून वजनकाटे तपासले आणि शिशाची सीलं ठोकली. त्यावरूनच हे नाव पडलं. समोरचा माणूस हसून बोलला की काट्याखाली चुंबक असणारच, हा त्यांचा अनुभव. खोटं कशाला बोला, दहातल्या चार वेळा तो असायचाही. उरलेल्या सहा वेळा साहेबांना वाटायचं, आपल्याला सापडला नाही.

घरीही तोच खाक्या. तेलाच्या बरणीवर पेन्सिलची रेघ, चहाच्या डब्याच्या झाकणावर खूण. बायकोनं या सगळ्याकडे पस्तीस वर्षं काणाडोळा केला. मग तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि आठवड्यातून तीन दिवस टेकडीवरच्या दवाखान्यात व्यायामासाठी जायची वेळ आली. जायचं कशावरून, तर साहेबांच्या जुन्या, बारक्या स्कूटरवरून. ती स्कूटर एकट्याला टेकडीवर न्यायची. दोघं बसले की वळणावर गचके खाऊन बंद पडायची, आणि मग बाई काठी टेकत पुढे, साहेब स्कूटर ढकलत मागे.

तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा बायको दवाखान्याच्या पायरीवर बसूनच म्हणाली, "अहो, हा आठवडा मी घरीच व्यायाम करेन, पण पुढच्या सोमवारी मला पुन्हा उतरून चालावं लागलं, तर गुडघा बरा होईपर्यंत मी दादाकडे राहायला जाणार."

दादा म्हणजे तिचा भाऊ. त्याचं घर दवाखान्याला लागून. बायकोशिवाय त्या दोन खोल्यांत आपण करणार काय, बोलणार कोणाशी, हे साहेबांना कळेना. पण ते बोलून दाखवतील तर ते सीलसाहेब कसले! ते एवढंच म्हणाले, "मेहुण्यानं तुला काही सांगितलंय का?"

"गुडघ्यानं सांगितलंय," ती म्हणाली.

मिस्त्रीनं स्कूटर पाहिली. जाड भिंगाचा चष्मा लावणारा, कमी बोलणारा माणूस. म्हणाला, "साहेब, कार्बोरेटर झिजलाय. नवा टाका, आणि टाकायचाच तर दोन मिलिमीटर मोठ्या तोंडाचा टाका. पेट्रोल-हवा जास्त जाईल, चढावर दम टिकेल."

झालं, साहेबांच्या मनात पाल चुकचुकली. याला मोठाच का विकायचाय? कुठेतरी पाणी मुरतंय. दुसऱ्या दिवशी ते सुट्या भागांच्या तीन दुकानांत गेले. एकात भाच्याची स्कूटर आहे म्हणाले, दुसऱ्यात शेजाऱ्याची, तिसऱ्यात तर मुद्दाम म्हणाले की लहान तोंडाचाच चांगला असतो ना? तिघांनीही मोठ्या तोंडाचा सांगितला. दुसरा कोणी असता तर निर्धास्त झाला असता. साहेबांना वाटलं, चौघांची मिलीभगत आहे.

शेवटी त्यांनी नोकरीतला कॅलिपर खिशात घातला आणि तिसऱ्या दुकानातले सात कार्बोरेटर एकेक करून मोजले. दुकानदारानं कपाळाला हात लावला. दोन नकली निघाले, एकाचं तोंड किंचित लंबगोल होतं. चौथा साहेबांना पसंत पडला. आता इतका पारखून घेतलेला माल मिस्त्रीच्या हाती द्यायचा, आणि त्यानं तो काढून आतल्या आत नकली बसवला तर? शिशाचं सील काही कार्बोरेटरला ठोकता येत नाही. साहेबांनी घरी येऊन त्याच्या खालची वाटी उघडली, ज्यात पेट्रोल साठतं ती, आणि बायकोच्या लाल नेलपॉलिशनं आत एक ठसठशीत टिपका काढला. वरून आणखी दोन काढले. तपासणीस माणूस, एका खुणेवर कसा थांबेल!

त्याच आठवड्यात त्यांनी आणखी एक खूण केली. कपाटावर बायकोची बॅग होती. तिच्या कडीत काळा दोरा बांधून ठेवला. बाई गुपचूप सामान भरायला लागली तर दोरा तुटेल. रोज सकाळी स्टुलावर चढून ते पाहायचे. दोरा शाबूत असला की चहा गोड लागायचा.

शनिवारी मिस्त्रीनं कार्बोरेटर बसवला. साहेब एकटेच टेकडीवर जाऊन आले. स्कूटर अशी पळाली की त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं. सोमवारी बायको मागे बसली. अर्ध्या चढापर्यंत सगळं छान होतं. वळण आलं, दोन गचके बसले, आणि स्कूटर बंद. बायको उतरली आणि काठी टेकत चालू लागली.

"मिस्त्रीनं माल बदललाय!" साहेब मागून ओरडले. "आधीपासून काळंबेरं वाटत होतं मला. यात माझा काय दोष?"

ती थांबली. विचार करून म्हणाली, "बरं. व्यायाम झाला की जाऊ त्याच्याकडे. त्याचा दोष निघाला तर मी राहीन."

व्यायामानंतर बंद स्कूटर उतारावरून घरंगळवत दोघं मिस्त्रीच्या दारात आले. साहेबांचा जीव टांगणीला लागला होता. मिस्त्री चोर निघावा, एवढंच त्यांना हवं होतं. "माझ्यासमोर उघड," ते म्हणाले. मिस्त्रीनं वाटी काढून पुढे धरली. आत एकही टिपका नव्हता.

"बघ! खूण होती इथे माझी, लाल. हा माझा कार्बोरेटरच नाही."

मिस्त्री भांडला नाही. त्यानं जेट काढला. जेट म्हणजे पितळेची बारकी नळी, सुईच्या टोकाएवढं भोक असलेली, पेट्रोल त्यातूनच वर जातं. भोकात तार घातली आणि हळूच ओढली. तारेला लाल, चिकट गोळी लागून आली. वाटीतलं पेट्रोल फडक्यावर ओतलं, तर त्याबरोबर दोन लाल पापुद्रेही आले.

"पेट्रोलमध्ये हे सुटतं, साहेब," मिस्त्री म्हणाला. "माल तुमचाच आहे."

बायकोनं वाकून तारेकडे पाहिलं. "रंग माझा आहे," ती म्हणाली. मिस्त्रीनं जेट साफ केला, वाटी पुसली, सगळं परत बसवलं. साहेब तिथेच उभे होते, पण पहिल्यांदाच त्यांनी कोणाचं काम तपासलं नाही.

घरी आल्यावर बायकोनं बॅग खाली काढायला सांगितली. साहेबांनी काढली. कडीतला दोरा तसाच होता. तो सोडवताना ती सहज म्हणाली, "हा गुरुवारी तुटला होता. मला शाल हवी होती. मग मी परत बांधून ठेवला."

"का?"

"रोज सकाळी स्टुलावर चढता. तुटलेला दिसला असता तर दिवसभर जेवला नसतात."

साहेब खुर्चीत बसले. त्यांना रडू येत होतं आणि लाजही वाटत होती. थोड्या वेळानं ते म्हणाले, "स्कूटर आता नीट झालीय. चढेल."

"माहीत आहे," ती शालीची घडी करत म्हणाली. "स्कूटरसाठी नाही जात आहे मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग पायाशी ठेवून दोघं टेकडीला लागले. स्कूटर मजेत चालली होती. ते वळण जवळ आलं तेव्हा सीलसाहेबांच्या मनात आयुष्यात पहिल्यांदाच आलं, की आत्ता ही बंद पडली तर किती बरं होईल. त्यांनी कान देऊन ऐकलं. एक गचका नाही. इंजिन एकसुरात चढत राहिलं आणि स्कूटर थेट मेहुण्याच्या फाटकापाशी येऊन थांबली.

बायको आधी चांगला पाय टेकवून उतरली. तिनं बॅग घेतली.

"किती दिवस?" साहेबांनी विचारलं.

"गुडघा बरा होईपर्यंत."

"आणि तो बरा झाला हे कोण ठरवणार?"

"मी," ती म्हणाली. "ते तुम्हाला तपासता येणार नाही. मी सांगेन त्यावर विश्वास ठेवावा लागेल."

साहेबांनी मान डोलावली आणि स्कूटर वळवली.